एकच मोटार, अनेक नांवें

‘नांव सोनुबाई, हातीं कथिलाचा वाळा’ ही म्हण आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. नांव मोठें आणि वस्तु हलकी, असा तिचा टोमणा. परंतु वस्तु एकच आणि नांवें मात्र दोन, तीन, चार, असें जेथें दिसतें, तेथें काय म्हणावें? मोटारींच्या व्यापारांत हा प्रकार सर्रास चालतो. आणि शिर्डीसारख्या गांवीं, जेथें भाड्याच्या मोटारीवर अनेक घरांची चूल पेटते, तेथें हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

शिर्डीस येणाऱ्या तीन वाटांचा मागोवा घेतला, तरी या प्रकाराचीं तीन उदाहरणें मिळतात. पहिली वाट नाशिकची. तेथें महिंद्र आणि फ्रान्समधील रेनो या दोन कंपन्यांच्या भागीदारींत सन २००७ पासून ‘लोगन’ नांवाची मोटार तयार होऊं लागली. हीच मोटार २००४ सालीं रुमानियांत ‘डाचिया लोगन’ म्हणून प्रथम बाजारांत आली होती. पुढें मेक्सिकोंत ती ‘निस्सान अप्रियो’ झाली, तर इराणांत तिला ‘तोंदर’, म्हणजे मेघगर्जना, हें नांव मिळालें. २०१० सालीं रेनोचा ४९ टक्के हिस्सा महिंद्रांनीं घेतला, भागीदारी संपली, आणि २०११ सालीं त्याच मोटारीचें पुन्हा बारसें होऊन ती ‘व्हेरिटो’ झाली. कारखाना तोच, सांगाडा तोच; पाटी मात्र नवी. येथें नांव बदललें तें मालकी बदलली म्हणून.

दुसरी वाट छत्रपति संभाजीनगरची. त्या शहराजवळ शेंद्रा येथें चेक देशांतील स्कोडा कंपनीची ‘ऑक्टाव्हिया’ सन २००१ पासून तयार होऊं लागली. २००५ सालीं तिची दुसरी पिढी आपल्याकडे आली, तेव्हां जुनीची विक्री चालूच होती. एकाच दुकानांत एकाच नांवाच्या दोन मोटारी कशा ठेवाव्या? म्हणून युरोपांत जी ऑक्टाव्हिया, तीच येथें ‘लॉरा’ ठरली. २०१३ सालीं तिसरी पिढी आली, आणि मूळचें नांव परत आलें.

तिसरी वाट पुण्याहून संगमनेरमार्गें येणारी. तिच्यावरील चाकण येथें फोक्सवॅगनचा कारखाना आहे, आणि स्कोडा ही त्याच घराण्यांतील कंपनी. २०१० सालीं फोक्सवॅगनची ‘व्हेंटो’ आणि २०११ सालीं स्कोडाची ‘रॅपिड’ अशा दोन सख्ख्या बहिणी निघाल्या. व्हेंटो चाकणहून मेक्सिकोसही गेली. रशियांत मात्र त्याच जातीची मोटार ‘पोलो’ नांवानें विकली गेली. २०२२ सालीं ‘व्हर्टस’ आणि ‘स्लाव्हिया’ ही नवी जोडी आली. दोहोंचा पाया एक, इंजिनेंही त्याच एक लिटर व दीड लिटर मापांचीं. २०२३ सालीं टकरीच्या परीक्षेंत दोघींसही पांच तारे मिळाले, यांत नवल तें कोणतें?

याला फसवणूक म्हणावें काय? माझ्या मतें, नाहीं. नव्या मोटारीची आंखणी करणें हें अत्यंत खर्चाचें काम आहे; तो खर्च अनेक देशांत वांटला गेला, तर सामान्य माणसासही चांगली वस्तु आटोक्यांतील किंमतींत मिळते. शिवाय प्रत्येक देशाची जीभ निराळी, आवड निराळी, आणि कोठें कोणत्या कंपनीचा लौकिक अधिक, हेंही निराळें. घरीं ज्याला ‘बाळू’ म्हणतात, त्याचें शाळेच्या पटावर दुसरेंच नांव असतें. म्हणून तो कांहीं तोतया ठरत नाहीं.

दोष नांवांत नाहीं, मौनांत आहे. आमच्या भागांतील तरुण कर्ज काढून मोटार घेतो, तेव्हां दोन दुकानांतील दोन विक्रेते त्याला दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. पण या दोघी एकाच आईच्या लेकी, हें दोघांपैकीं कोणीच सांगत नाहीं. पुढें एखादें नांव बाजारांतून उठलें, म्हणजे आपल्या मोटारीचा वंशच बुडाला असें समजून तो ती कवडीमोलानें विकावयास निघतो. लोगनचा कित्येक भाग व्हेरिटोंतही आहे, एवढें ज्ञान त्याचे पुष्कळ पैसे वांचवूं शकतें. मग तें ज्ञान केवळ जाणत्या कारागिराच्या मेहेरबानीवर कां अवलंबून असावें?

कंपन्यांचें यावर एक उत्तर असतें, आणि तें सर्वस्वीं खोटें नाहीं. बाह्य रूप, आसनें, स्प्रिंगांची घडण, विक्रीनंतरची सेवा, यांत फरक असतो. त्या फरकाची किंमत घेण्याचा त्यांना अधिकार आहे. तें मान्य. परंतु फरकाची किंमत घ्यावयाची, तर फरक कोणता हें स्पष्ट सांगणेंही ओघानेंच आलें. औषधाच्या वेष्टनावर व्यापारी नांवाबरोबर मूळ द्रव्याचें नांव छापावें लागतें. तसेंच मोटारीच्या विक्रीपत्रावर तिच्या भगिनी-मोटारींचीं नांवें आणि समान सुट्या भागांची यादी, साध्या मराठींत, कां छापूं नये? यानें कोणाही प्रामाणिक व्यापाऱ्याचें नुकसान होणार नाहीं.

हा नियम होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत विद्यार्थिमित्रांनीं एक करावें. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं आज ना उद्यां मोटार घेण्याचा विचार निघेल. त्या दिवशीं वडील माणसें पाटीवरील अक्षरांकडे पाहत असतील, तेव्हां आपण अदबीनें तीन प्रश्न विचारावे : हिचा सांगाडा कोणत्या मोटारीचा? इंजिन आणखी कोणत्या मोटारींत बसविलें आहे? आणि हिचे भाग दुसऱ्या कोणत्या नांवाखालीं मिळतात? या तीन प्रश्नांचीं सरळ उत्तरें जो विक्रेता देईल, त्याच्याकडून मोटार घ्यावी. मग तिचें नांव कांहींही असो.