आधी खा, मग धावा

पुण्याकडे डिसेंबरात सिंहगड, राजगड, तोरणा अशी ५३ किलोमीटरची डोंगरवाटांवरची शर्यत होते. आमच्या वरोऱ्याच्या सपाट रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलींनाही तिची ओढ लागलीय. छानच! पण बोलायला बसलं की सगळी काळजी बुटांची. पोटाची कुणालाच नाही.

शरीरात साठलेली साखर जोराच्या धावण्यात दीड-दोन तासांत संपते आणि तोरणा तर शेवटी येतो! म्हणून भूक लागायच्या आधीपासूनच खात राहायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक केळं आणि गुळाचा खडा. महागडी पाकिटं हवीतच असं नाही. थंडीत तहान कळत नाही, तरी घोट घोट पाणी प्यायचं, सोबत मीठही हवं. नुसतं पाणीच ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं, ते जिवावर बेतू शकतं. चढ चालतच चढावा, बोलता येईल इतक्याच दमानं. त्यात कसला आलाय कमीपणा?

खरी गोम घरातच आहे. डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्षाचे गुरुवार. एरवीही सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलंसुरलं आपलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तच कमी असेल तर ऐन चढावर एक केळं काय करणार?

तेव्हा मुलींनो, नाव नोंदवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. शर्यतीच्या आठवड्यातला गुरुवार सोडा. तुमच्या सासूबाईंशी हवं तर मी बोलते.