आधी प्रश्न टोचा, मग सुई

लोकलच्या खिडकीतून, एसटी स्टँडच्या मागे, हायवेलगतच्या कंपाउंडवर रंगवलेली ती जाहिरात तुम्ही नक्की पाहिली असणार. 'गुप्तरोग, शीघ्रपतन, नपुंसकता. लगेच भेटा.' खाली मोबाइल नंबर. शाळेत असताना ती वाचून आपण एकमेकांना कोपरखळ्या मारत हसलोही असू. आता फक्त भिंत बदलली आहे. तीच जाहिरात रात्री एक वाजता फोनच्या स्क्रीनवर येते. पांढरा कोट, कमरेत टोचलेल्या बारीक सुया, सुयांना लावलेल्या वायरी आणि बाजूला लुकलुकणारं मशीन. नाव भारदस्त आहे, इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर. गोळी नाही, साइड इफेक्ट नाही आणि कुणाला कळणारही नाही, असं सांगितलं जातं.

माझं म्हणणं असं, की यातलं 'कुणाला कळणार नाही' हेच खरं विकलं जातं. सुया नंतर येतात. आणि आपलं नुकसान सुयांपेक्षा त्या गुपचूपपणानेच जास्त होतं.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू, कारण न समजून घेता हसणं सोपं असतं. अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचण्याची चिनी पद्धत. आपल्याकडे ती येण्यात महाराष्ट्राच्या ओळखीचा एक धागा आहे. १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे चीनमध्ये ही पद्धत शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरमध्ये याच सुयांच्या जोड्यांना बॅटरीवरच्या यंत्रातून अगदी सौम्य वीजप्रवाह देतात. हा प्रवाह सेकंदाला किती ठोके देतो, यावर शरीराची प्रतिक्रिया बदलते. बीजिंगचे शास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी दाखवलं, की २ हर्ट्झला आणि १०० हर्ट्झला शरीर वेगवेगळी वेदनाशामक रसायनं सोडतं. म्हणजे यात काहीच घडत नाही असं नाही. पण ते काम वेदनेवरचं आहे. वेदना कमी होणं आणि ताठरता परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दुसऱ्या गोष्टीचं काय? नेदरलँड्समध्ये १९९९ साली एक अभ्यास झाला. ताठरतेचा त्रास असलेल्या १६ पुरुषांना वीज जोडलेल्या सुया आठवड्यातून दोनदा, चार आठवडे दिल्या. काहींना बरं वाटलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे फरक सुयांमुळे पडला की कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष दिलं म्हणून पडला, हे कळायला मार्ग नाही. तुर्कस्तानात १९९७ साली तुलना करून पाहिली. एका गटाला अ‍ॅक्युपंक्चर, एकाला संमोहन, बाकीच्यांना औषध नसलेले खोटे उपचार. सुयांच्या गटात ६० टक्के लोकांना फरक पडला. ऐकायला भारी वाटतं ना? थांबा. खोट्या उपचारांच्या गटांतही चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना फरक पडला होता, आणि गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २००९ मध्ये तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनीही निष्कर्ष काढला, की ताठरतेच्या समस्येवर अ‍ॅक्युपंक्चर उपयोगी आहे असं म्हणायला पुरावा अपुरा आहे.

शीघ्रपतनाबाबत चित्र थोडं बरं आहे. २०११ साली तुर्कस्तानातल्याच ९० पुरुषांवरच्या अभ्यासात खऱ्या सुयांचा परिणाम खोट्या सुयांपेक्षा जास्त दिसला, पण रोजच्या गोळीपेक्षा कमी. म्हणजे 'शंभर टक्के खात्री' म्हणणारा आणि 'सगळं थोतांड' म्हणणारा, दोघंही अभ्यास न वाचता बोलतात.

त्या तुर्की आकड्याकडे पुन्हा बघा. काहीच औषध नसताना इतक्या जणांना फरक का पडावा? कारण आपल्या वयात या त्रासाचं मूळ बऱ्याचदा डोक्यात असतं. 'डोक्यात' म्हणजे 'खोटं' नव्हे हं. ताठरता येण्यासाठी शरीर निवांत लागतं. नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं. घाबरलेलं शरीर नेमकं उलटं करतं, रक्तवाहिन्या आवळतं. व्हायवाच्या आधी तोंड कोरडं पडतं ना, तसंच. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी आधीच भीती, आणि भीतीमुळे पुन्हा तेच. त्यात पॉर्न बघून ठरवलेली मापं आणि मिनिटं. झोपेत वीर्य गेलं म्हणून ताकद गेली, ही भीती तर आपल्याकडे इतकी जुनी, की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही. त्याच्या भीतीने झोप उडणं हा मात्र खरा त्रास आहे.

आणि कधीकधी मूळ डोक्यात नसतंही. हा भाग हसण्यावारी नेऊ नका. शिश्नाच्या रक्तवाहिन्या साधारण एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्या खराब व्हायला लागल्या, की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेचा त्रास हा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी आलेला इशारा असू शकतो. मधुमेह, रक्तदाब, सिगारेट, दारू, काही मानसिक आजारांवरची औषधं, हार्मोन्स, यांपैकी काहीही कारण असू शकतं. आता विचार करा. एखाद्याची शुगर वाढली आहे आणि तो कुणाला कळू नये म्हणून तीन महिने सुयांची सेशन्स घेतोय. सुयांनी त्याचं काही बिघडवलं नसेल, पण तपासणीचे तीन महिने गेले. हे नुकसान बिलावर दिसत नाही.

घरच्या कुणाबद्दल शंका आली तरी हेच सांगा. पन्नाशीतले काका किंवा वडील हे तुमच्याशी बोलणार नाहीत, पण 'एकदा शुगर, बीपी तपासा' एवढं तर आपण म्हणू शकतो.

बरं, कायद्याचं काय? लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरी भिंती रंगतातच. अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. त्यामुळे सुई घेऊन बसलेल्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारणं हा आगाऊपणा नाही, तो तुमचा हक्क आहे.

तरीही कुणाला हा उपचार घ्यायचाच असेल, तर जरूर घ्या, पण क्रम पाळा. आधी एमबीबीएस किंवा युरोलॉजिस्ट डॉक्टरांकडे जा, शुगर, बीपी आणि ते सांगतील त्या तपासण्या करा. सकाळी उठताना ताठरता येते का, हे डॉक्टर विचारतील. लाजू नका. ती येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुधा ठीक आहे आणि मनाकडे बघायला हवं. सुयांच्या क्लिनिकमध्ये गेलात, तर सुया सीलबंद आणि एकदाच वापरायच्या आहेत का ते डोळ्यांनी बघा. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी वीज जोडलेल्या सुयांपासून लांबच राहावं. किती सेशन्सनंतर फरक दिसला नाही तर थांबायचं, हे पहिल्याच दिवशी विचारा. 'पूर्ण पॅकेज आजच भरा' असं उत्तर आलं, तर चप्पल घाला आणि निघा. आणि 'आयुर्वेदिक' म्हणून पुडीत दिलेली गोळी तर अजिबात नको. अशा 'हर्बल' गोळ्यांत लपवून सिल्डेनाफिल घातलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या जिवावर ते बेतू शकतं.

मुलींनो, हे पान 'मुलांचं' म्हणून उलटू नका. 'मर्द' आणि 'नामर्द' वरचे विनोद आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरतात. प्रत्येक विनोदाबरोबर एखादा मुलगा आणखी गप्प होतो आणि रात्री एक वाजता तो नंबर सेव्ह करतो.

हे बोलणं काही आजचं फॅड नाही. मुंबईत गणित शिकवणारे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण वाचकांनी विचारायचं आणि कर्व्यांनी उत्तर द्यायचं सोडलं नाही.

आपल्याला तर कोर्टातही जायचं नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढायचा आहे. तेही आज जमत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फोन फुकट आहे आणि पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. भिंतीवरच्या नंबरऐवजी हा सेव्ह करा.