एप्रिलमधले बेडूक

पहिला मोठा पाऊस झाला की होस्टेलच्या मागच्या खाचरात रात्रभर डराँव डराँव सुरू होतं, आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन असलेली मंडळी बेडकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मीही केलाय. पण त्या खाचरात भर घालून पार्किंग होणार असं कळलं आणि त्याचा पाहणी अहवाल वाचायला मिळाला. त्यात एक ओळ होती, 'जागेवर बेडूक वगैरे उभयचर आढळले नाहीत.' पाहणीची तारीख १८ एप्रिल! अहो, एप्रिलच्या उन्हात बेडूक जमिनीत, दगडाखाली दडून बसलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत मेसमध्ये डोकावून कोणी 'या कॉलेजात विद्यार्थी नाहीत' असं लिहिलं तर चालेल का?

शून्य रीडिंग येणं वेगळं आणि रीडिंगच न घेणं वेगळं. लॅबमध्ये दुसऱ्याच्या जागी पहिलं लिहिलं तर सर जर्नल फेकून देतात. देशाच्या नकाशात मात्र ते खपून जातं.

भारतात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. आययूसीएनच्या नकाशात प्रत्येक जातीचा रंगवलेला पट्टा दिसतो, पण तो पट्टा म्हणजे मिळालेल्या नोंदींवरून बांधलेला अंदाज. आणि नोंदी होतात कुठे? जिथे भर पावसात, रात्री, टॉर्च घेऊन कोणीतरी गेलेलं असतं तिथे. बाकी नकाशा कोरा. त्या कोऱ्या जागेत काय दडलेलं असू शकतं बघा. केरळात इडुक्कीच्या बाजूला सापडणारा जांभळा बेडूक जवळजवळ सगळं आयुष्य मातीखाली काढतो. विणीपुरता, पावसाच्या तोंडावर थोडे दिवस वर येतो. त्याचे जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर! एवढ्या जुन्या घराण्याला शास्त्रीय नाव मिळायला २००३ साल उजाडलं. आपल्या सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या भेकाला तर २००९ मध्ये नाव मिळालं. तो त्या परिसरातल्या मोजक्याच ठिकाणांहून माहीत आहे. अशा प्राण्याच्या बाबतीत एका सड्यावर चुकून 'आढळला नाही' लिहिलं, की त्याचा अर्धा नकाशाच पुसला जाऊ शकतो.

२०२३ च्या जागतिक आढाव्यात उभयचरांच्या ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं म्हटलंय. म्हणजे सावकाश मोजू म्हणायला वेळ नाही.

आपल्या खाचरातले बेडूक बहुधा साधेच असतील. पावसात पिवळाजर्द होणारा तो धटिंगण तर सगळ्यांनीच पाहिलाय. पण 'साधे' हेसुद्धा मोजल्यावरच म्हणता येतं ना? आणि मोजणं आपल्याला अवघड नाही. प्रत्येक जातीच्या नराची हाक वेगळी असते. मोबाईलवर आवाज टेप करायचा, तारीख, वेळ आणि जीपीएसचे आकडे लिहायचे, जमलं तर फोटो काढायचा आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकायचं. ओळख पटवायला तिथे जाणकार असतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी त्या आवाजांचं सिग्नल प्रोसेसिंग केलं तर एक मिनी प्रोजेक्टही सुटेल.

पार्किंग करूच नका असं मी म्हणत नाही, माझीही बाईक उन्हातच असते. भर घालण्याआधी जूनमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर, रात्री नऊनंतर पुन्हा एकदा पाहणी करा एवढंच मागणं आहे. मी टॉर्च घेऊन मागच्या गेटपाशी उभा राहीन. रेक्टरसरांनी त्या रात्रीची दहाची हजेरी तेवढी माफ करावी.