डीव्हीडी रुसली की ड्राइव्ह?

तुमच्या घरातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमखाली, एक प्लॅस्टिकची डबी नक्की असणार. आत दोन-तीन डीव्हीडी आणि वर मार्करने लिहिलेलं, ‘ताईचं लग्न, पार्ट 2’. एवढी वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नसतं. मग एक दिवस घरातलं कुणीतरी जातं, आजी किंवा काका, आणि सगळ्यांना एकदम आठवतं की अरे, त्या व्हिडिओत ते बोलतायत! डबी निघते. लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, मग कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर शोधला जातो. ट्रे आत जातो, घर्र-घर्र होतं आणि स्क्रीनवर ढिम्म काही येत नाही. त्याच ड्राइव्हमध्ये सिनेमाची डीव्हीडी टाका, मस्त चालते. मग घरातला एक्स्पर्ट निकाल देतो, ‘डिस्क गेली. फेकून दे.’

थांबा बॉस! एक ड्राइव्ह नाही म्हणाला म्हणजे डिस्क गेली असं नसतं.

फंडा समजून घ्या. दुकानातल्या सिनेमाच्या डिस्कवर साच्याने दाबून बारीक खड्डे पाडलेले असतात. स्टुडिओवाल्याने बर्न करून दिलेल्या डिस्कमध्ये असे खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरने तो जागोजागी भाजलेला असतो. ऊन, उकाडा, दमट हवा यांनी हा रंग हळूहळू उतरतो. त्यात लग्नाच्या सीझनमध्ये स्वस्तातल्या डिस्क आणून फुल स्पीडवर धडाधड बर्न केलेल्या. (तेव्हा घराघरांत दिसणाऱ्या डिस्क मोझर बेअरच्या असायच्या. ती कंपनी 2018 मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, तिच्या डिस्क मात्र आपल्या कपाटात आहेत.) ड्राइव्हचं काम एवढंच की डिस्कवर लेझर मारायचा आणि परत आलेला प्रकाश वाचायचा. साध्या सिंगल लेअर डिस्ककडून 45 ते 85 टक्के प्रकाश परत यावा अशी अपेक्षा असते. ड्युअल लेअर आणि आरडब्ल्यू डिस्ककडून फक्त 18 ते 30 टक्के. म्हणजे लेन्सवर जराशी धूळ बसली की सिनेमा चालतो आणि आरडब्ल्यू डिस्क अडते. सीडी चालते पण एकही डीव्हीडी चालत नाही, असं होतंय? मग संशय सरळ ड्राइव्हवर घ्या. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी 650 चा. एक थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो.

आता भिवंडीकरांनो, तुमची केस थोडी स्पेशल आहे. माझी एक मैत्रीण धामणकर नाक्याजवळ राहते. तिच्याकडे आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची डिस्क होती, आणि आजोबांचा आवाज फक्त त्याच डिस्कवर. घरचा कॉम्प्युटर ती ओळखायलाच तयार नाही. खाली यंत्रमाग, वर घर, अशा भागात कापसाचे बारीक तंतू हवेत सतत उडत असतात आणि कॉम्प्युटरचा फॅन ते आत ओढत राहतो. तिच्या ड्राइव्हच्या लेन्सवर अक्षरशः लव उगवली होती! लॅपटॉपमधल्या पातळ ड्राइव्हची लेन्स ट्रे उघडल्यावर समोरच दिसते. कॉम्प्युटर बंद करा, इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या आणि हलक्या हाताने पुसा. घासायचं नाही, लेन्स तारांवर तरंगत असते. ब्रशवाल्या ‘क्लीनिंग डिस्क’वर माझा फारसा विश्वास नाही.

लेन्स पुसल्यावर तिच्या बाकीच्या डीव्हीडी चालल्या, आजोबांची नाही. ती डिस्क तिच्या ऑफिसच्या स्टोअररूममधल्या एका जुन्या ड्राइव्हने उघडली. असं का? प्रत्येक ड्राइव्हचा लेझर, त्याचं फर्मवेअर, चुका दुरुस्त करायची ताकद वेगवेगळी असते. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की वेगळ्या मेकच्या निदान तीन ड्राइव्हमध्ये डिस्क टाकून बघा आणि मगच ती गेली असं म्हणा.

भिवंडीचा दुसरा प्रॉब्लेम म्हणजे लोडशेडिंग. 2007 च्या जानेवारीत टोरंट पॉवरने इथल्या विजेचं वाटप हातात घेतलं, त्याआधीचे दिवस आठवायचे तर घरातल्या मोठ्यांना विचारा. डिस्क रेकॉर्ड होताना मध्येच लाइट गेली की ती ‘फायनलाइज’ व्हायची राहते. हँडीकॅमच्या छोट्या आठ सेंटीमीटरच्या डिस्कचंही तेच, घाईत कुणी फायनलाइज करायचंच नाही. अशी डिस्क ज्या मशीनवर रेकॉर्ड झाली तिथेच दिसते, बाकी सगळीकडे ‘ब्लँक’. तिची खालची बाजू उजेडात तिरकी धरा. आतून बाहेर काही भाग वेगळ्या शेडचा दिसला तर आत काहीतरी लिहिलेलं आहे. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर अशा डिस्कमधूनही बरंच काही काढू शकतं. (आणि ती छोटी डिस्क फटीतून गिळणाऱ्या ड्राइव्हमध्ये अजिबात टाकू नका, आतच अडकेल.)

कधी भानगड वेगळीच असते. फाइल्स दिसतायत पण सिनेमा लागत नाही? विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय आयती देणं बंद केलं. फुकटातलं व्हीएलसी टाका, काम झालं. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली ओरिजिनल डिस्क नखरे करतेय? तिचा रीजन 1, आपला 5. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा लॉक, त्यामुळे उगाच खेळत बसू नका. आणि ऑनलाइन मागवलेला यूएसबी ड्राइव्ह (बहुतेक वळ-दापोड्याच्या गोदामातूनच निघालेला!) नुसता फिरतो आणि बंद पडतो, तर बऱ्याचदा त्याला करंट कमी पडतोय. हब काढा आणि थेट लॅपटॉपच्या यूएसबी 3 पोर्टला लावा.

टूथपेस्टचे प्रयोग मात्र प्लीज नकोत. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलीमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या आणि डेटा मधोमध. वरचा ओरखडा पुसायच्या नादात तुम्ही आणखी शंभर ओरखडे पाडता. मऊ सुती कापड घ्या, मधून कडेकडे सरळ पुसा, गोल-गोल नाही. स्टुडिओवाल्याने वधू-वरांचा फोटो छापलेला कागदी स्टिकर लावलाय? त्याने डिस्क डुगडुगते हे खरं, पण ओढून काढायला जाल तर चकत्याच सुट्या होतील. तसाच राहू द्या.

आणि डिस्क एकदा वाचली गेली की आधी बघत बसू नका, कॉपी करा! ती उद्या परत वाचली जाईल याची गॅरंटी नाही. साधं कॉपी-पेस्ट पहिल्या एररला अडतं. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू खराब भाग सोडून आधी चांगला भाग काढून घेतं, मग राहिलेल्यावर परत-परत प्रयत्न करतं. कमाल म्हणजे एका ड्राइव्हने सोडलेला तुकडा दुसऱ्या ड्राइव्हवरून त्याच कॉपीत भरता येतो. मैत्रिणीची डिस्क अशीच निघाली, दोन ड्राइव्ह आणि एक अख्खा रविवार. शेवटची काही मिनिटं आलीच नाहीत, पण आजोबांचं भाषण पूर्ण मिळालं.

कॉपी झाल्यावरही मूळ डिस्क फेकू नका. डबीत उभी ठेवा, खिडकीपासून लांब, आणि नाव लिहायचंच असेल तर बॉलपेनने नको, साध्या मार्करने, मधल्या पारदर्शक गोलावर.