फेलोशिप म्हणजे उपकार नव्हे

मार्कंड्याची देवळं अभ्यासायला १८७०च्या दशकात कनिंगहॅम आला. इंग्रजांच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख. पगार सरकारी, खर्च सरकारी. त्याला कुणी म्हणालं नाही, बाबा, आपल्या खिशातून संशोधन कर!

आमच्या पोरांना मात्र सांगतात : नवोपक्रम करा, स्वतः शिका. आणि पैसा? २०२१च्या बार्टी फेलोशिपसाठी ८६१ संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावं लागलं. २०२३मध्ये सरकारनं २००ची मर्यादा घातली.

स्वतः शिकणं आम्हाला कुणी शिकवायचं? इथल्याच मेंढा-लेख्याच्या गोंडांनी अभ्यासगट बसवून कायदा पचवला, २००९मध्ये जंगलावरचा हक्क मिळवला. बाबासाहेबांएवढं आपणहून कोण वाचलं? पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, तेव्हा १९१७मध्ये त्यांनाही लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. बुद्धी संपली नव्हती, पैसा संपला होता.

दोस्तांनो, फेलोशिप कापली की प्रबंध कोण लिहिणार हे तिथंच ठरतं. वैनगंगा आमची, जंगल आमचं, अन् लिहिणारा कायम बाहेरचा? नाही चालायचं.

गावोगाव अभ्यासगट बसवा. अन् त्याच गटात बसून सरकारकडं एकेका पैशाचा हिशेब मागा.