अक्कांचा हिशेब

आमच्या अक्कांचे वय ब्याऐंशी. अंतर मोजण्याची त्यांची रीत स्वतःची आहे. जोतिबा एका शिदोरीवर आणि मुंबई एका रात्रीवर! महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री कोल्हापूर सोडले की सकाळी बोरीबंदर. परवा चकल्या पाडता पाडता त्यांनी मला विचारले, "काय रे, तुझ्या लेकाचे ते सॅनफ्रान्सिस्को किती रात्रींवर आहे?"

वाचकहो, मी पडलो गणिताचा जुना मास्तर. कागद-पेन्सिल घेऊनच बसलो. सॅनफ्रान्सिस्को ते मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी सुमारे ९००. भागाकार केला : पंधरा तास.

"पण अक्का," मी म्हणालो, "आभाळात नुसता भागाकार चालत नाही. तिथे वाऱ्याला विचारावे लागते." आणि त्यांना २०१६ सालची गोष्ट सांगितली. त्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅनफ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट १३,९०० किलोमीटरची १५,३०० झाली; तरी विमान साडेचौदा तासांत पोचले, म्हणजे उलट सुमारे दोन तास वाचले! उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते पाठीशी घेतले की लांबची वाटच लवकर संपते.

"बरं, आणि मुंबईहून पुढे?" अक्का काही सोडीनात.

पुढे आभाळातून जेमतेम ३०० किलोमीटर, तासाभराचे काम. राजाराम महाराजांच्या काळातला आपला उजळाईवाडीचा तळ, त्यावर २०२४ साली नवी इमारतही उभी राहिली. पण वेळ जुळली तर! नाही जुळली, तर रुळावरून ५१८ किलोमीटर आणि अकरा तास.

इथे माझी पेन्सिल थांबली. गेल्या आषाढात अशीच वेळ जुळली नव्हती. त्याची आई दवाखान्यात होती. निरोप मिळताच तो निघाला, अर्धी पृथ्वी ओलांडून मुंबईत उतरला. कोल्हापूरचे विमान गेलेले. मग भाड्याची मोटार, त्यात घाटात धो धो पाऊस. तो दारात आला तेव्हा अंगण धुऊन झाले होते. एवढे हजारो किलोमीटर वेळेत झाले. शेवटचे तीन-चारशे तेवढे उरले.

अक्कांनी साऱ्यातली पाडून संपवली. म्हणाल्या, "तुझा हिशेब बरोबर आहे रे, पण तो आजाऱ्याच्या घरचा. माणूस धडधाकट असताना भेटायला निघावे. मग एक रात्र जास्त लागली म्हणून काही बिघडत नाही."

"खरे आहे," मी म्हणालो. "पण त्याला रजा..."

"मिळाली आहे. वसुबारसेला पोचतोय तो. मीच बोलावलाय, फोन करून."

"आणि मला कुणी सांगितले नाही ते?"

"तू नुसता हिशेब करत बसला असतास!" अक्का म्हणाल्या, आणि दुसरा घाणा कढईत सोडला.