शांतीच्या वाट्याला एक कबुतर

गेल्या वीकेंडला आमच्या भागात वारसा महोत्सव झाला. शुक्रवार ते रविवार, तीन संध्याकाळी, पुण्याच्या एका मैदानावर. यंदाची थीम होती 'युद्ध आणि शांती'. बॅनरवर डावीकडे तलवार आणि रणगाडा (दोन्ही एकाच फ्रेममध्ये, असो), उजवीकडे पांढरं कबुतर. तीन दिवस मी पूर्णवेळ तिथे होतो म्हणून खात्रीने सांगतो, शांतीच्या वाट्याला जे काय आलं ते हे एवढं कबुतर. तेही इंटरनेटवरून उचलून वॉटरमार्क पुसलेलं.

मी पूर्णवेळ असण्याचं कारण म्हणजे मी 'तांत्रिक समिती'त होतो. इंजिनिअर म्हटलं की लोकांना वाटतं याला प्रोजेक्टर, मिक्सर, जनरेटर सगळं येतं. मला जावा येतं. पण एचडीएमआय केबल हातात घेऊन तीन दिवस स्टेजच्या मागे बसलं की कार्यक्रम फार जवळून दिसतो. जे दिसलं ते डोक्यात गेलं, म्हणून हे लिहितोय.

शुक्रवारी ऑर्केस्ट्रा होता. देशभक्तीपर गीतांचा. गाणारी मंडळी चांगली होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण 'ऐ मेरे वतन के लोगो'ला ऑक्टोपॅडवर दणदणीत ठेका लावला होता आणि दुसऱ्या कडव्याला निवेदक लोकांना टाळ्यांचा ताल धरायला सांगत होता. अहो, ते दुखवट्याचं गाणं आहे! १९६२ मध्ये आपण हरलो, आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लताबाईंनी ते पहिल्यांदा गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. हरलेल्या देशाने आपल्या मेलेल्या पोरांसाठी रडून घ्यावं म्हणून केलेलं गाणं. त्यावर टाळ्या वाजवणं म्हणजे तेराव्याला ढोल लावण्यातला प्रकार.

मग 'बॉर्डर'मधलं पत्रांचं गाणं झालं. ते होणारच, सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला देशातला कुठलाही स्पीकर त्याशिवाय बंद होत नाही. मी जन्मलो त्याच्या आसपास, म्हणजे १९९७ मध्ये तो सिनेमा आला, त्यामुळे माझं सगळं आयुष्य त्या गाण्यासोबत गेलंय. मला आवडतंही. पण 'बॉर्डर' संपतो तो वेगळ्याच गाण्यावर. लढाई जिंकून झाल्यावर, पडद्यावर प्रेतं आणि जळकी वाळू असताना हरिहरनच्या आवाजात जावेद अख्तर यांनी लिहिलेलं 'मेरे दुश्मन, मेरे भाई' येतं. जे. पी. दत्तासारख्या माणसाला, ज्याने पूर्ण सिनेमाभर तोफा उडवल्या, त्यालासुद्धा शेवटी हे म्हणावंसं वाटलं. मला आठवतंय तेव्हापासून हे गाणं मी एकाही मैदानात ऐकलेलं नाही. थिएटरमध्येसुद्धा म्हणे लोक तोवर उठून चपला शोधायला लागायचे.

शनिवारी सिनेमा होता. त्यासाठी दोन महिने आधी मी समितीला एक यादी दिली होती. तीन नावं होती.

एक, 'हकीकत', १९६४ चा, चेतन आनंद यांचा. लडाखमधून माघार घेणाऱ्या आपल्या तुकडीची गोष्ट. युद्धानंतर दोन वर्षांत, जखम ओली असताना, हिंदी सिनेमाने पराभवावर सिनेमा काढला होता. आज साठ वर्षं होऊन गेली तरी आपली ती हिंमत होत नाही.

दोन, 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६. ज्यांना वारसा वारसा म्हणून गळा काढायचा असतो त्यांनी ही श्रेयनामावली बघावी. दिग्दर्शक आणि नायक व्ही. शांताराम, नायिका जयश्री, संगीत वसंत देसाई. आणि गोष्ट सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटनीसांची. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानी हल्ल्याला तोंड देणाऱ्या चीनमध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले हे एक. बाकीचे चौघे परत आले. कोटनीस तिथेच राहिले, जखमींची ऑपरेशनं करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. म्हणजे माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. बंदूक न धरता युद्धभूमीवर मेलेला मराठी माणूस, आणि त्याच्यावर मराठी माणसाने काढलेला सिनेमा. आणखी काय वारसा पाहिजे?

तीन, आनंद पटवर्धनांची डॉक्युमेंटरी 'जंग और अमन'. तिचं नावच आमची थीम होतं हो! १९९८ च्या पोखरण आणि चगाईच्या स्फोटांनंतर भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका असा फिरलेला सिनेमा. पोखरणच्या आसपासचे गावकरी, हिरोशिमातून वाचलेली माणसं, लाहोरच्या शाळकरी मुली, सगळे त्यात बोलतात. सेन्सॉर बोर्डाने कट मागितले, पटवर्धन कोर्टात गेले आणि २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने एकही कट न लावता तो दाखवायला मोकळा केला.

मीटिंगमध्ये तिन्हींचा निकाल दहा मिनिटांत लागला. पहिला 'हरलेला', दुसरा 'ब्लॅक अँड व्हाइट', तिसरा 'वादग्रस्त'. मी म्हटलं, हायकोर्टाने क्लिअर केलाय. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अरे कोर्टाने केला असेल, पण मैदानात काय हायकोर्ट येऊन बसणारे का?" सगळे हसले. मीही हसलो, खरं सांगायचं तर. मग 'उरी' लावला.

आता प्रामाणिकपणे सांगतो. 'उरी' मी २०१९ मध्ये थिएटरात दोनदा पाहिलाय. आमच्या टीममध्ये कित्येक महिने रोज सकाळच्या स्टँडअपला मॅनेजर 'हाऊज द जोश' विचारायचा आणि आम्ही बारा जण एसीत बसून ओरडायचो. कशासाठी, तर एका परदेशी विमा कंपनीच्या वेबसाइटचं रिलीज वेळेत जावं म्हणून. तेव्हा मी वेगळा आणि मैदानातली जनता वेगळी, असलं काही माझं म्हणणं नाही. सिनेमा वाईट नाही. पण दर वर्षी, दर उत्सवात, दर मंडळात फक्त जिंकलेलंच दाखवायचं आणि त्याला 'युद्ध आणि शांती' म्हणायचं, याला माझा विरोध आहे.

ज्यामुळे हे सगळं लिहायला बसलो ते रविवारी झालं. शेवटच्या दिवशी माजी सैनिकांचा सत्कार होता, त्यात आमच्या सोसायटीतले सुभेदार काका होते. सातारा जिल्ह्यातले, पायदळातून निवृत्त. लिफ्ट बंद पडली की वॉचमनच्या आधी तेच खाली येतात. शाल, श्रीफळ, फोटो. मग निवेदकाने माइक पुढे केला, "काका, पाकिस्तानशी कुठल्या लढाईत होतात आपण?"

काका म्हणाले, "पाकिस्तान न्हवं. श्रीलंका. शांतिसेना."

निवेदक दोन सेकंद थांबला. त्याला काही माहीत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. "वा वा, शांतीसाठीसुद्धा आपले जवान! जोरदार टाळ्या!" आणि पुढचं नाव. मी साउंडवर असलेल्या पोराला खूण करून म्युझिक जरा थांबवायला सांगणार होतो, पण तोवर डॉल्बी सुरू झाला होता.

थीमचे दोन्ही शब्द ज्या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आले होते, तो स्टेजवर उभा होता आणि आपण त्याला वीस सेकंदांत उरकला. शांतिसेना म्हणजे काय होतं? २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला आणि आपलं सैन्य श्रीलंकेत शांतता राखायला गेलं. ऑक्टोबरमध्ये ते लिट्टेशी लढत होतं. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्याच तमिळ लोकांच्या वस्तीत लढाई, आणि त्यात साधी माणसंही मेली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. मद्रास बंदरावर स्वागताला तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथेच २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र आहे. मुंबईचा परमवीर, आणि आमच्या महोत्सवाच्या वीरांच्या फ्लेक्सवर नाव नाही. कारण हे युद्ध सरळ जिंकलं-हरलं असं सांगता येत नाही. त्यावर जोश येत नाही.

तुम्ही म्हणाल, उत्सव आहे, लोक आनंदाला येतात, तिथे रडारड कशाला. ठीक आहे. मग थीम 'शौर्य' ठेवा ना, कोण नको म्हणतंय. दुसरा मुद्दा आमच्या समितीतल्या एका दादांनी काढला, की असलं दाखवल्याने जवानांचं मनोबल खचतं. हे मी काकांनाच विचारलं, जिन्यात. ते नुसतेच हसले आणि म्हणाले, "बाळा, मनोबल आमचं न्हाय खचत. ऐकणाऱ्याचं खचतं."

आणि हा जो आपला खास मराठी वारसा म्हणतात, तो तरी असा एकतर्फी होता का? पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं. अडीच शतकं उलटली, तरी कशाचाही पार निकाल लागला की आपण 'पानिपत झालं' म्हणतो. हरल्याची आठवण इतकी जपून ठेवलेली भाषा आपली. नानासाहेब पेशव्यांना ती बातमी सावकारी भाषेत कळली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय: मोती, मोहरा आणि खुर्दा. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकी सगळे, ज्यांची मोजदाद नाही. आमचा महोत्सव अजून मोती आणि मोहरांचाच चाललाय. सुभेदार काका खुर्द्यात.

पुण्यापुरतंच बोलायचं तर आणखी एक. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेच्या एका डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन' होतं. सहावी. तिच्यात मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. इराकमधल्या कुट या गावात तुर्कांनी तिला डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढून ठेवलं. अन्न संपलं, घोडे कापायची वेळ आली, धर्म बुडेल म्हणून कित्येक हिंदी शिपाई ते मांस कित्येक दिवस शिवेनात. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढे त्यातले हजारो कैदेत मेले. आपल्या शहराचं नाव लावून झालेला हा वेढा, आणि वारसा महोत्सवात त्याचा एक फोटो नाही, पोवाडा नाही, साधा एक बोर्ड नाही. मलाही हे कॉलेज संपल्यावर, एका कंटाळवाण्या नाइट शिफ्टला विकिपीडियावर भटकताना कळलं. (प्रोजेक्टचं नाव सांगत नाही.)

आमच्याकडे प्रॉडक्शनला काही कोसळलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून काय चुकलं ते लिहून काढावं लागतं. कुणाला आवडत नाही, पण काढतो, कारण नाहीतर पुढच्या रिलीजला तेच होतं. एका सर्व्हरसाठी आपण हे करतो.

समितीची हिशोबाची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. डॉल्बीचं बिल मी पाहिलंय, तेवढ्यात आठ दिवस हॉल मिळाला असता, ते मी तिथे बोलणार आहे. पुढच्या वर्षीसाठी यादी परत देणार, तीच तीन नावं. तोवर थांबत नाही. ९ डिसेंबरला संध्याकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये 'डॉ. कोटनीस' लावतोय. प्रोजेक्टर माझ्याकडेच राहिलाय, अजून कुणी मागितलेला नाही. खुर्च्या पन्नास आहेत. काकांना सिनेमाआधी बोलायला सांगितलंय, आणि 'किती वेळ' असं त्यांनी विचारल्यावर मी म्हटलं, तुम्हाला पाहिजे तेवढा.